सारसाच्या तलावाचा बगिचा करू नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जूनमध्ये सारस गणना झाली की गोंदिया-भंडाऱ्याचा आकडा आपल्या अंकात येतो. अलीकडची काही वर्षे तो चाळिशीच्या आतच आहे. आकडा छापून आला की आठवडाभर एकच मागणी ऐकू येते. शहराच्या कडेचा एखादा तलाव घ्या, सारस अभयारण्य जाहीर करा, कुंपण घाला, लोकांना पक्षी बघता येईल अशी सोय करा. महाराष्ट्रात सारस आता जवळपास फक्त वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या या पट्ट्यात उरला आहे, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली आहे, तेव्हा मागणी रास्तच आहे. पण तलाव राखायचा म्हणजे कोणत्या महिन्यात काय करायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे मागणारे सांगत नाहीत आणि आराखडा करणारे विचारत नाहीत. मग संवर्धनाच्या नावाने फिरायची पायवाट, कारंजे, नौका आणि रंगीत दिवे येतात. म्हणून हे लांबलेले पत्र. शक्य तेवढे पूर्ण छापावे ही विनंती.

आधी सारसाचे वेळापत्रक, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. पाऊस लागून बोड्या (शेतातली छोटी तळी) आणि बांध्या (बांध घातलेली धानाची खाचरे) भरल्या, रोवणीची म्हणजे धान लावणीची घाई सुरू झाली की जोडी घरटे बांधायला घेते. उथळ पाण्यात लव्हाळा, गवत, कधी धानाची रोपेही उपटून ढीग रचते. ढिगाचा घेर दीड-दोन मीटर भरतो आणि माथा पाण्याच्या वर वीत-दीड वीत राहतो. अंडी बहुधा दोन. नर आणि मादी ती आळीपाळीने ३१ ते ३४ दिवस उबवतात. पिल्लू एक-दोन दिवसांतच आईबापांमागे चालू-पोहू लागते, पण उडायला त्याला आणखी तीन महिने लागतात. पोळ्याच्या आसपास अंड्यातून निघालेले पिल्लू धान चुरायला (मळणीला) आले तरी जमिनीवरच असते. हे तीन महिने कुत्रा आला तर ते उडू शकत नाही, जाळी आडवी आली तर ओलांडू शकत नाही. दोन पिल्लांपैकी बहुतेक वेळा एकच तगते, काही वर्षी एकही नाही. मोठे सारस बरीच वर्षे जगत असल्यामुळे गणनेचा आकडा काही काळ टिकून दिसतो आणि खाली नवी पिढी येत नाही, हे लवकर ध्यानात येत नाही.

तलावाच्या पाळीजवळचे खोल पाणी सारसाच्या फारसे कामाचे नाही. त्याला लागते ती वरच्या अंगाची, पाणी येते त्या बाजूची उथळ जागा. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाणी, खाली मऊ गाळ, त्यात देवधान (रानटी धान), लव्हाळे, पाणगवताचे कंद, गोगलगाई, बेडूक. आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांची घडणच अशी आहे की एका बाजूला उंच पाळ आणि दुसऱ्या बाजूला हळूहळू चढत जाणारी जमीन. म्हणूनच सारस इथे टिकला.

ही उथळ बाजू दोन तऱ्हांनी बिघडते. पहिली तऱ्हा पाणी अचानक चढण्याची. जास्त साठा व्हावा म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचतात किंवा मासे वाहून जाऊ नयेत म्हणून जाळी लावतात. जाळीत पालापाचोळा आणि जलकुंभी अडकते, रात्री एक मोठा पाऊस झाला की सकाळपर्यंत पाणी फूटभर चढलेले असते आणि अंडी पाण्याखाली जातात. जोडी गवत आणून ढीग उंच करते, पण पाणी हळूहळू चढले तरच तिला तेवढा वेळ मिळतो. दुसरी तऱ्हा उलटी. ऑगस्ट-सप्टेंबरात पावसाने ओढ दिली की धानासाठी गेट उघडते, तीन-चार दिवसांत घरट्याभोवतीचा चिखल उघडा पडतो आणि कुत्री, कोल्हे, हौशी माणसे कोरड्या पायाने घरट्यापर्यंत पोचतात.

धान वाळला तरी चालेल, पाणी सोडू नका, असे कोणीही म्हणू नये. मामा तलाव सिंचनासाठीच बांधलेले आहेत आणि शेतकरी उपाशी ठेवून पक्षी वाचत नाही. यावर स्वस्त उपाय आहे. घरटी होतात त्या उथळ भागाच्या खालच्या अंगाला, मे महिन्यात तलाव आटलेला असताना, दोन फूट उंचीचा मातीचा आडवा बांध घालावा. बांधाचे दोन्ही उतार सौम्य ठेवावेत, म्हणजे पिल्लू चढू-उतरू शकते आणि पूर आला तर पाणी बांध न फोडता वरून जाते. मधोमध दोन-तीन फळ्या बसतील अशी खाच ठेवावी. मुख्य तलावाचे पाणी सिंचनाला गेले तरी या बांधामागे फूट-दीड फूट पाणी थांबते. पाणी चढू लागले तर वरची फळी काढायची. बांधाजवळ सेंटीमीटरच्या खुणा असलेला लोखंडी पाइप रोवावा आणि जुलैपासून रोज सकाळी एकाच वेळेला पातळी वहीत लिहावी. घरटे दिसले त्या दिवसाच्या पातळीवर रंगाचा पट्टा मारावा. त्या पट्ट्यापेक्षा पाणी वर जाऊ लागले की फळी काढणे आणि सांडव्याची जाळी झाडणे, एवढे काम एका माणसाला जमते. वीतभर खाली गेले तर खाच पूर्ण बंद करावी आणि सिंचनाची पाळी शेजारच्या तलावाकडून घ्यावी. ही वही नसेल तर ‘घरटे कशाने गेले’ यावर दरवर्षी नुसता वाद होतो.

गाळ काढण्याबद्दल स्वतंत्र लिहावे लागेल, कारण सर्वांत मोठे नुकसान चांगल्या हेतूने होते आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या सरकारी योजनेच्या कामात पोकलेन तलावात उतरते आणि सोयीचे म्हणून काठापासूनच खोदत जाते. काठ सरळ तुटतो, उथळ पट्टा संपतो. पावसाळ्यात पाणी भरपूर दिसते आणि पाहणारे खूश होतात, पण काठापासून दोन पावलांवरच ते छातीभर खोल असते. सारसाला उभे राहायलाही जागा उरत नाही. खोदाई पाळीकडच्या एक तृतीयांश भागातच ठेवावी. वरच्या अंगाच्या भागाला हात लावू नये. लावावाच लागला तर वीस मीटरमागे एक मीटरपेक्षा जास्त उतार होऊ देऊ नये. वरचा वीतभर गाळ वेगळा काढून ठेवावा आणि खोदाई संपल्यावर पुन्हा पसरावा, कारण देवधानाचे बी आणि पाणगवताचे कंद त्यातच असतात. हाच थर ट्रॅक्टरने शेतात गेला तर तलावाच्या तळात खायचे काही उरत नाही. काम मेअखेर बंद व्हायलाच हवे.

बेशरम हे पाणथळ जागी माजणारे झुडूप हा दुसरा शत्रू. ती कापून भागत नाही. कांडीचा तुकडा ओल्या मातीत पडला तरी मूळ धरतो, त्यामुळे पावसाळ्यात कापून पाण्यात टाकलेली बेशरम पुढच्या वर्षी दुप्पट होते. एप्रिल-मेमध्ये मुळासकट उपटून कोरड्या उंचवट्यावर वाळवायची, आणि सलग तीन उन्हाळे करायचे. एका वर्षाचे टेंडर काढून सोडून दिले तर पैसे वाया गेले समजा. जलकुंभी मात्र नुसती काढून थांबत नाही, कारण तिला खत मिळते ते गावाच्या नालीतून. शहराला लागून असलेल्या तलावात सांडपाणी वळवण्याचे काम आधी आणि जलकुंभी काढण्याचे काम नंतर, हा क्रम उलटा झाला तर दर दोन वर्षांनी तीच यंत्रे पुन्हा भाड्याने घ्यावी लागतात.

कुंपणाबद्दल. तलावाला चारी बाजूंनी तारेची जाळी लावणे म्हणजे पिल्लाला उपाशी ठेवणे. जोडी रात्री पाण्यात थांबते आणि सकाळी पिल्लाला घेऊन चालतच बांध्यांमध्ये चरायला जाते. तलाव आणि शेत हे त्याचे एकच घर आहे. जाळी हवीच असेल तर फक्त रस्त्याच्या आणि वस्तीच्या बाजूला असावी. शेताची बाजू मोकळी ठेवावी. आतील काठाला सिमेंट आणि उभी दगडी पिचिंग नको. काँक्रीटच्या कालव्यात पडलेले पिल्लू वर येऊ शकत नाही, तिथे दर शंभरेक मीटरवर खडबडीत उतार करून द्यावा. उंच दिव्याचे खांब, लाउडस्पीकर, नौका, ड्रोन यांना जुलै ते डिसेंबर पूर्ण मनाई असावी. गणपती आणि दुर्गेचे विसर्जन नेमके लहान पिल्लांच्या दिवसांत येते. त्यासाठी तलावापासून दूर वेगळे कुंड नगर परिषदेने करावे. पक्षी बघण्याचा मचाण पाळीवर, घरट्याच्या जागेपासून किमान दीड-दोनशे मीटरवर पुरतो, दुर्बिणीतून सगळे दिसते. सारस मान उंच करून ताठ उभा राहिला किंवा घरट्यावरून उठला की आपण जास्त जवळ गेलो. तो उठला की कावळे अंड्यावर येतात.

शहराच्या कडेचा खास धोका म्हणजे कुत्री. कोंबडीच्या दुकानांचा टाकाऊ माल तलावाकाठी फेकला जातो, तिथे कुत्र्यांचे कळप तयार होतात आणि पहाटे पिल्लांच्या मागे लागतात. नसबंदी करावीच, पण त्याआधी तो माल टाकणे बंद झाले पाहिजे. खायला मिळत राहिले तर एक कळप हटवल्यावर दुसरा येतो.

मासेमारीचा ठेका रद्द करा असे सुचवणारेही आहेत. तसे करू नये. ढिवर समाजाची मत्स्य सहकारी संस्था तलावावर रोज हजर असते. घरटे पहिल्यांदा त्यांनाच दिसते आणि परका माणूस आला तर तोही त्यांनाच कळतो. त्यांच्या ठेक्यात चार अटी घालाव्यात. उथळ भागात जुलै ते डिसेंबर जाळे नाही. गवत्या मासा सोडायचा नाही, कारण तो पाणवनस्पती फस्त करतो. उन्हाळ्यात शेवटचे मासे धरायला तलाव पूर्ण उपसायचा नाही, किमान दोन फूट पाणी राखायचे. एप्रिल-मेमध्ये आजूबाजूच्या बोड्या आटल्या की सगळे सारस अशाच उरलेल्या पाण्यावर गोळा होतात. चौथी अट तुटलेल्या नायलॉन जाळ्यांची, त्या काठावर पडू द्यायच्या नाहीत, पाय अडकून पक्षी मरतो. या अटींमुळे उत्पन्नात जी घट येईल ती ठेक्याच्या रकमेत सरळ कमी करून द्यावी. गुरांचे पाणी आणि शिंगाड्याची जागा हे निस्तार पत्रकातले (गावाच्या वहिवाटीच्या हक्कांच्या सरकारी नोंदीतले) हक्क जिथे नोंदलेले आहेत तिथे तसेच राहावेत, फक्त जागा घरट्यापासून हलवाव्यात.

आता शेत. आपल्याकडे बरीच घरटी तलावात नसून खासगी बोडीत किंवा धानाच्या बांधीतच होतात. नुसता तलाव राखीव करून ती वाचत नाहीत. घरट्यासाठी जोडी काही धान उपटते, नुकसान थोडे असते, पण ते एकट्या शेतकऱ्याचे असते आणि त्याला पंचनाम्यासाठी तीन फेऱ्या माराव्या लागल्या तर पुढच्या वर्षी तो जोडीला बसूच देत नाही. भरपाईची रक्कम दिवाळीआधी हातात पडली पाहिजे. त्याखेरीज पिल्लू उडाल्यावर त्याच शेतकऱ्याला मानधन द्यावे. घरट्याची राखण त्यालाच किंवा त्याच्या घरातल्या कोणाला तरी रोजावर द्यावी, अंडी दिसल्यापासून पिल्लू उडेपर्यंत सुमारे चार महिने. निंदण, खत टाकणे ही घरट्याजवळची कामे थांबवण्याची गरज नाही. ती एकाच फेरीत, सकाळी लवकर, नेहमीच्याच माणसांनी उरकावीत. ओळखीच्या माणसाला सारस फारसा बिचकत नाही. दुपारच्या उन्हात मात्र जोडीला अंड्यावरून उठवू नये.

औषधांबाबत सावध राहावे लागते. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८० च्या दशकाच्या अखेरीस शेतात वापरलेल्या आल्ड्रिन या कीटकनाशकामुळे सारस मेले होते. आल्ड्रिन गेले, फोरेटवर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे, तरी जुना दाणेदार माल घराघरांत पडून असतो आणि धानावर खोडकिडा-गादमाशी ही कीड दिसली की बांधीत पडतो. सारस तेच दाणे, ते खाल्लेल्या गोगलगाई आणि बेडूक खातो. राखीव क्षेत्राभोवतीच्या पाचशे मीटरमधील शेतांत कामगंध सापळे (नर पतंगांना वासाने ओढून पकडणारे), ट्रायकोकार्ड (किडीची अंडी नष्ट करणाऱ्या मित्रकीटकांचे कार्ड) आणि ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळी, कृषी विभागाने मोफत द्यावा. औषध लावलेले उरलेले बियाणे धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) फेकू नये, खड्डा करून पुरावे. फवारणीचा पंप बोडीत धुऊ नये.

उडायला शिकलेल्या पिल्लाचा पुढचा शत्रू वीजवाहिनी. सारस माणसाएवढा उंच, पंखांचा पसारा सव्वादोन मीटरच्या वर, जड अंगामुळे त्याला हवेत पटकन वळता येत नाही. नोव्हेंबर ते जानेवारीच्या धुक्यात तो पहाटे तलावातून उठतो आणि काठावरच्या तारेला धडकतो, किंवा पसरलेले पंख एकदम दोन तारांना लागतात. सगळ्या जिल्ह्यातल्या तारा जमिनीखाली नेणे शक्य नाही, त्याची गरजही नाही. तलावातून पक्षी कोणत्या दिशेने चरायला जातात ते पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ पाहून नकाशावर रेघा ओढाव्यात. त्या रेघांना छेदणारे ११ केव्ही वाहिनीचे गाळे (दोन खांबांमधले तारांचे तुकडे) मोजकेच निघतात. तेवढे भूमिगत करावेत, शेतपंपांच्या लघुदाब तारांच्या जागी आवरण असलेली केबल टाकावी, आणि तोवर त्या तारांवर दर पाच ते दहा मीटरवर चमकणारे, फिरणारे पक्षीरोधक लावावेत. नवीन लेआउटला जोडणी देताना तार तलावाच्या काठाने नेऊ नये, ही अट आजच घालता येते.

लेआउटवरून आठवले. शहराच्या कडेचा तलाव शाबूत राहतो आणि भोवतीची धानशेती अकृषक होऊन प्लॉट पडतात, तेव्हा सारस काही वर्षांत तलाव सोडतो. कागदावर मात्र पाणथळ क्षेत्र जसेच्या तसे असते. विकास आराखड्यात तलावाच्या वरच्या अंगाचा शेतीपट्टा शेती म्हणूनच राखला नाही तर वर लिहिलेल्या बाकी कामांचा उपयोग होणार नाही.

कायद्याने हे कसे बसवायचे? ‘अभयारण्य’ हा शब्द लोकांना आवडतो, पण माळढोकचा अनुभव विसरू नये. सोलापूर-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) भागात १९७९ मध्ये ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे, शहरे, बागायती सगळे आले. जमिनीचे व्यवहार आणि बांधकामे अडली आणि लोकांचा राग पक्ष्यावर निघाला. पुढे ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत घटवावे लागले, तोवर बरेच माळ नांगराखाली गेले होते. दुसरीकडे २०१७ च्या पाणथळ नियमांवरही विसंबता येत नाही. सिंचनासाठी बांधलेले तलाव आणि धानशेती त्या नियमांच्या व्याख्येतून वगळलेली आहेत, म्हणजे आमचा जवळपास प्रत्येक मामा तलाव बाहेर.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये नंतर घातलेली दोन कलमे इथे नेमकी लागू पडतात. सरकारी मालकीच्या तलावासाठी कलम ३६-अ खाली संवर्धन राखीव क्षेत्र, आणि भोवतीच्या खासगी बोड्या-बांध्यांसाठी, मालक स्वतःहून तयार असतील तिथे, कलम ३६-क खाली सामुदायिक राखीव क्षेत्र. पहिल्याच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचा, कृषी आणि पशुसंवर्धन विभागाचा प्रतिनिधी असतो. दुसऱ्यात जमिनीचा वापर बदलायचा तर समितीचा ठराव आणि राज्य शासनाची मान्यता लागते, म्हणजे प्लॉट पाडण्याला खीळ बसते आणि शेती चालू राहते. सुरुवात गावातून व्हावी. सातबारा आणि नकाशावरून तलावाची मालकी जिल्हा परिषदेची, पाटबंधाऱ्याची की खासगी हे आधी ठरवावे, निस्तार हक्कांची यादी करावी, जैवविविधता समितीच्या नोंदवहीत सारसाची नोंद घ्यावी आणि १ मेच्या ग्रामसभेत ठराव करून तो उपवनसंरक्षकांकडे पाठवावा. मे महिना यासाठी की आडवा बांध, बेशरम आणि गाळ ही तिन्ही कामे त्याच महिन्यात होतात. ऑगस्टमध्ये ठराव केला तर एक विणीचा हंगाम हातचा जातो.

एक गोष्ट मान्य करायला हवी. विणीच्या काळात जोडी आपल्या हद्दीत दुसऱ्या जोडीला येऊ देत नाही, त्यामुळे एका तलावावर एक, फार तर दोन जोड्या बसतील. शहराजवळचा एकच देखणा तलाव करून जिल्ह्याचे सारस वाढणार नाहीत. तो पहिला मणी समजून परसवाडा, झिलमिली आणि नदीकाठच्या गावांपर्यंत तलाव-बोड्यांची माळ ओवावी लागेल. म्हणूनच पहिल्या तलावावर कोटी रुपये खर्चून पुढच्यांसाठी काही न उरणे हे आम्हाला सर्वांत घातक वाटते. बांध, पाइप, फळ्या, राखणदाराचा रोज आणि वेळेवर भरपाई ही कामे स्वस्त आहेत आणि दहा तलावांवर एकाच वेळी होऊ शकतात.

शेवटी आपल्यालाच एक विनंती. जूनचा आकडा छापता तसेच सप्टेंबरमध्ये किती घरटी होती आणि जानेवारीत त्यांतून किती पिल्ले उडाली, हे दोन आकडेही वन विभागाकडून मागून तलाववार छापावेत. उडालेल्या पिल्लाचे डोके-मान अजून तपकिरी असते, मोठ्यासारखी लाल नसते, त्यामुळे जानेवारीत ती सहज वेगळी मोजता येतात. घरट्याचे गाव किंवा छायाचित्र मात्र पिल्लू उडेपर्यंत छापू नये. म्हणूनच या पत्रातही आम्ही एकाही चालू घरट्याची जागा लिहिलेली नाही.

आपले,
तलाव, धान आणि सारस यांच्याशी रोजचा संबंध असलेले काही वाचक
ता. जि. गोंदिया